न भरणारी जखम : हाडांतील जुनाट जंतुसंसर्ग आणि त्यावरील शस्त्रक्रिया

हाड म्हटले की आपल्या मनासमोर कठीण, कोरडे आणि निर्जीव असे काहीतरी येते. घराच्या बांधकामातील लोखंडी सळ्यांप्रमाणे ते शरीराला केवळ आधार देते, अशी आपली नकळत समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. जिवंत माणसाचे हाड जिवंत असते. बाहेरून त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेले एक पातळ आवरण असते, आत मज्जा असते, आणि घट्ट भासणाऱ्या भागातूनही अतिसूक्ष्म नलिकांमधून रक्त खेळत असते. जुने हाड झिजवून नवे घडवण्याचे काम जन्मभर चालू राहते. मोडलेले हाड जुळते, ते याच रक्ताच्या जोरावर. हा रक्तपुरवठा तुटला, तर हाडाचा तेवढा तुकडा शरीरात राहूनही मृत होतो.

हाडांतील जुनाट जंतुसंसर्गाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. वैद्यकशास्त्रात या विकाराला अस्थिमज्जाशोथ किंवा ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. जुनी माणसे अशा वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेला हाड्याव्रण म्हणत असत. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत एखादा आजोबा, एखादा भाऊ असा असतो, की ज्याच्या नडगीवर एक छोटे छिद्र असते, त्यातून अधूनमधून पू येतो, पट्टी बदलली जाते, गोळ्यांचा एखादा कोर्स होतो आणि दुकान चालू राहते. ‘एवढेसे तर आहे’ असे म्हणत वर्षे जातात. या ‘एवढ्याशा’ छिद्रामागे काय असते आणि शस्त्रक्रियेने त्याचे नेमके काय केले जाते, हे समजून घेतले, तर निर्णय घेणे सोपे जाते. मी वैद्यकातला माणूस नाही. बँकेत आयुष्य गेले. परंतु घरातल्याच एका आजारपणामुळे या विषयाचा बराच अभ्यास करावा लागला, आणि त्यातून हाती आले ते येथे मांडत आहे.

आत काय घडते

जंतू हाडापर्यंत मुख्यतः तीन वाटांनी पोहोचतात. लहान मुलांत ते बहुधा रक्तातून येतात आणि लांब हाडांच्या टोकांजवळ, विशेषतः गुडघ्याच्या आसपास, ठाण मांडतात. मोठ्या माणसांत हाड मोडून कातडीबाहेर आले असेल, किंवा मोडलेले हाड जोडताना पट्टी वा सळई बसवली असेल, तर त्या वाटेने जंतू आत शिरतात. तिसरी वाट मधुमेही पायाची. संवेदना गेलेल्या तळव्याला चप्पल लागते, जखम चिघळते आणि खाली हाडापर्यंत जाते. या सर्वांत नेहमी आढळणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

हाडाची भिंत ताणली जात नाही. त्यामुळे आत पू साचला की दाब वाढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात आणि हाडाचा तुकडा मरतो. या मृत तुकड्याला डॉक्टर सिक्वेस्ट्रम म्हणतात. शरीर स्वस्थ बसत नाही. ते त्या मृत तुकड्याभोवती नव्या हाडाचे कवच बांधू लागते. परंतु आतला पू बाहेर पडण्यासाठी वाट शोधतो, कवचाला भोके पडतात, आणि मांस व कातडी भेदून एक बोगदा तयार होतो. त्याला सायनस म्हणतात. आयुर्वेदात अशा व्रणाला नाडीव्रण ही संज्ञा आहे. आपल्याला दिसते ते त्या बोगद्याचे तोंड. मूळ घर आत, हाडात असते.

गोळ्यांनी बरे का होत नाही

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. न्यूमोनिया गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होतो, मग हाड का नाही?

प्रतिजैविक औषध रक्तातून प्रवास करते. जिथे रक्त पोहोचत नाही, तिथे औषधही पोहोचत नाही. मृत हाडात रक्त नाही. म्हणजे जंतूंना लपायला अशी जागा मिळते, की जिथे औषध आणि शरीराच्या संरक्षक पेशी दोघांनाही प्रवेश नाही. दुसरे कारण असे की मृत हाडावर आणि धातूच्या पट्ट्यांवर जंतू एक चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीला जसे शेवाळ धरते आणि नुसते पाणी ओतून जात नाही, घासूनच काढावे लागते, तसाच हा प्रकार. या थरातील जंतू मंदगतीने जगतात आणि मोकळ्या जंतूंना मारणाऱ्या औषधाच्या अनेक पट मात्रेतही तग धरतात.

म्हणूनच औषध घेतले की आजूबाजूची सूज ओसरते, छिद्र कोरडे पडते, घरच्यांना हायसे वाटते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, क्वचित कित्येक वर्षांनी, तिथेच पुन्हा ठणका लागतो. बँकेत थकीत कर्जांचे काम करताना एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो होतो. बुडालेल्या खात्याला जिवंत दाखवण्यासाठी नवे कर्ज देत राहिले, तर ताळेबंद वरून नीट दिसतो आणि तोटा आत वाढत जातो. एक दिवस ते खाते बुडीत म्हणून लिहून टाकावेच लागते. मृत हाडाचे तसेच आहे. ते काढून टाकल्याशिवाय बाकी कोणताही उपाय टिकत नाही.

थांबण्याचे धोकेही लक्षात घ्यावेत. हाड पोखरून कमकुवत झाले तर ते साध्या मुरगळण्यानेही मोडू शकते. शेजारचा सांधा आखडतो. आणि अनेक वर्षे, बहुधा काही दशके, वाहणाऱ्या सायनसच्या कडेला कातडीचा कर्करोग होऊ शकतो. हे क्वचित घडते. तरीही जुन्या जखमेचे मांस अचानक वाढू लागले, दुर्गंधी वा रक्तस्राव वाढला, तर तुकडा तपासणीसाठी पाठवण्यास एक दिवसही लावू नये.

निदान : पू तपासणे पुरेसे नाही

क्ष-किरण चित्र ही पहिली पायरी. परंतु संसर्गाचे बदल त्यात दिसायला सुरुवातीचे दहा-चौदा दिवस जावे लागतात. एमआरआयमध्ये आजार कुठपर्यंत पसरला आहे ते चांगले कळते, आणि सीटी स्कॅनमध्ये मृत तुकडा स्पष्ट दिसतो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या आजाराची तीव्रता आणि पुढे उपचाराची प्रगती सांगतात.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र जंतू ओळखण्याची. छिद्राच्या तोंडाशी कापूस फिरवून पू पाठवला, तर त्यात कातडीवरचे जंतूही येतात आणि दिशाभूल होते. खात्रीचा नमुना म्हणजे आतील हाडाचा. शस्त्रक्रियेच्या वेळी वेगवेगळ्या जागांवरून, शक्यतो स्वतंत्र उपकरणांनी, चार-पाच नमुने घेतले जातात. त्यापूर्वी साधारण दोन आठवडे प्रतिजैविके थांबवण्यास सांगतात, कारण औषध चालू असताना जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. रुग्णाची प्रकृती गंभीर असेल तर अर्थातच हे थांबणे शक्य नसते. घरच्यांनी ‘ताप येईल’ या भीतीने गुपचूप गोळ्या चालू ठेवू नयेत.

त्याच हाडाचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठीही पाठवावा. आपल्या देशात हाडांचा क्षयरोग आजही आढळतो, आणि तोही सायनसच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. त्याचा उपचार मुख्यतः दीर्घ मुदतीच्या औषधांनी होतो, शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. म्हणून हा फरक आधी कळणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियेचे चार भाग

लोकांना वाटते, ‘हाड खरवडले’ की शस्त्रक्रिया झाली. प्रत्यक्षात तिचे चार भाग आहेत, आणि त्यांतला एक जरी अपुरा राहिला तरी आजार उलटतो.

पहिला भाग स्वच्छतेचा. याला डिब्राइडमेंट म्हणतात. सायनसचा संपूर्ण बोगदा, कुजलेले मांस, मृत हाड आणि जंतूंनी वेढलेली धातूची पट्टी वा स्क्रू हे सर्व काढले जाते. किती काढायचे याची खूण शल्यचिकित्सक हाडातच शोधतात. मृत हाड पांढरेफटक, कोरडे असते. ते तासत गेले की एका टप्प्यावर हाडाच्या पृष्ठभागावर रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटू लागतात, जणू लाल तिखटाची चिमूट भुरभुरली आहे. तिथे जिवंत हाड सुरू झाले. तिथपर्यंत जावेच लागते. ‘पाय अधू होईल’ म्हणून हात आखडता घेतला, तर मृत अंश मागे राहतो आणि सारा खटाटोप वाया जातो.

दुसरा भाग पोकळीचा. हाड काढले की जागा रिकामी राहते. त्या पोकळीत रक्त साचते आणि ते जंतूंचे उत्तम खाद्य ठरते. म्हणून ती भरावी लागते. हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिनसारखे औषध मिसळून केलेले मणी तारेत ओवून तिथे ठेवतात. रक्तातून देता येणार नाही इतके तीव्र औषध त्यामुळे नेमक्या जागी मिळते. हे मणी काही आठवड्यांनी काढावे लागतात. दुसरा पर्याय कॅल्शियम सल्फेटच्या मण्यांचा. रासायनिक दृष्ट्या हे प्लास्टर ऑफ पॅरिसचेच भावंड. ते हळूहळू विरघळून जातात, काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. ते विरघळताना काही रुग्णांच्या जखमेतून पातळ पाण्यासारखा स्राव येतो. तो पू असेलच असे नाही, परंतु तो डॉक्टरांना दाखवावा.

तिसरा भाग स्थैर्याचा. हलणाऱ्या हाडात संसर्ग विझत नाही. आतली पट्टी काढल्यावर हाड बाहेरून चौकटीने धरून ठेवतात.

चौथा भाग आच्छादनाचा. उघडे हाड मरते. म्हणून त्यावर रक्ताने भरलेले मांस हवे. नडगीवर कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे ही अडचण तिथे सर्वाधिक येते. गुडघ्याखालच्या वरच्या तिसऱ्या भागासाठी पोटरीचा एक स्नायू वळवून पुढे आणतात, मधल्या भागासाठी पोटरीचाच खोल असलेला दुसरा स्नायू वापरतात, आणि घोट्याजवळच्या भागासाठी बहुधा शरीराच्या दुसऱ्या भागातील मांस रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडावे लागते. हे काम प्लॅस्टिक सर्जनचे. म्हणून या शस्त्रक्रियेसाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्लॅस्टिक सर्जन दोघे जिथे एकत्र काम करतात, अशी जागा निवडणे हिताचे.

यानंतर औषधे साधारण सहा आठवडे चालतात. इतके दिवस शिरेतून इंजेक्शन घेणे अपरिहार्य मानले जाई. २०१९ साली ब्रिटनमधील २६ केंद्रांतील १,०५४ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडे आणि सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे मुख्यतः शिरेतून औषध घेतलेल्यांत वर्षभरात १४.६ टक्के, तर तोंडाने घेतलेल्यांत १३.२ टक्के रुग्णांचा उपचार अयशस्वी ठरला. म्हणजे योग्य गोळी योग्य जंतूसाठी निवडली, तर ती इंजेक्शनाहून उणी ठरत नाही. यातून रुग्णालयातील मुक्काम आणि खर्च दोन्ही कमी होऊ शकतात. मात्र निवड डॉक्टरांचीच. दुकानातून आपल्या मनाने आणलेली गोळी ही ती गोळी नव्हे.

गेलेले हाड परत कसे येते

मृत हाड पूर्ण काढायचे म्हटले, की कधीकधी नडगीचा चार-सहा सेंटिमीटरचा तुकडाच जातो. पूर्वी येथेच गाडे अडत असे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल आणि इंग्रज रसायनज्ञ हेन्री डेकिन यांनी सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने जखमा सतत धुण्याची पद्धत रूढ केली. तिने अनेक पाय वाचवले. तरीही हाडातील मोठी पोकळी भरून काढण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता, आणि बऱ्याचदा पाय कापणे हाच शेवट असे.

आज दोन मार्ग आहेत. एक फ्रेंच शल्यचिकित्सक अलँ-शार्ल मास्केले यांचा. रिकाम्या जागी आधी सिमेंटचा ठोकळा ठेवतात. सहा-आठ आठवड्यांत शरीर त्याभोवती रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे पातळ आवरण तयार करते. मग ते आवरण अलगद उघडून ठोकळा काढतात आणि त्या पिशवीत कमरेच्या हाडातून घेतलेला अस्थिचुरा भरतात. आवरण त्याला पोसते आणि त्याचे हाड होते.

दुसरा मार्ग रशियातून आला. गाव्रिल इलिझारोव्ह (१९२१–१९९२) हे सैबेरियाच्या पश्चिम टोकाकडील कुर्गान प्रदेशात काम करणारे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यासमोर मोडलेली, न जुळलेली आणि पू वाहणारी हाडे घेऊन आलेल्यांची रांग होती. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी धातूची वर्तुळे, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा आणि आट्यांचे दांडे यांची चौकट तयार केली. हाड सावकाश ताणले, तर त्या फटीत नवे हाड तयार होते, हे त्यांनी पाहिले आणि सिद्ध केले. हाडातील पोकळी भरण्यासाठी ते याचाच उपयोग करीत. निरोगी भागात हाड कापायचे, साधारण आठवडाभर थांबायचे, आणि मग मधला जिवंत तुकडा रोज एक मिलिमीटर पोकळीकडे सरकवायचा. पुढे पोकळी मिटत जाते, मागे नवे हाड उगवत जाते.

उंच उडीतील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक विजेते व्हॅलेरी ब्रूमेल यांचा पाय १९६५ मधील मोटारसायकल अपघातात चिरडला गेला. अनेक शस्त्रक्रियांनंतरही हाड जुळेना. अखेर ते कुर्गानला गेले, पाय वाचला, आणि ते पुन्हा उडी मारू लागले. तरीही पश्चिमेला या पद्धतीची फारशी खबर नव्हती. १९८० साली इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी आपला वर्षानुवर्षे बरा न झालेला पाय घेऊन कुर्गानला गेले. थॉर हेयरडाल यांच्या सागरी मोहिमेत त्यांच्या सोबत असलेले रशियन डॉक्टर युरी सेंकेविच यांनी त्यांना हा पत्ता दिला होता. माउरी यांचा सुधारलेला पाय पाहून इटलीतील डॉक्टर थक्क झाले, आणि १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानासाठी बोलावण्यात आले. तेथून ही पद्धत जगभर पसरली. आज महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतही ती केली जाते.

एका घरातील नऊ महिने

हिशोब साधा आहे. सहा सेंटिमीटर म्हणजे ६० मिलिमीटर. रोज एक मिलिमीटर, म्हणजे ६० दिवस सरकवणे. त्यानंतर नवे हाड पक्के होईपर्यंत चौकट पायावरच राहते. एका सेंटिमीटरमागे एकूण साधारण एक ते दोन महिने धरावेत. हे ऐकून पुष्कळ माणसे माघार घेतात.

माझे थोरले मेहुणे धान्याचे व्यापारी. अपघातानंतर बसवलेल्या पट्टीच्या जागी त्यांना चार वर्षे सायनस होता. हंगाम, मग दिवाळी, मग मुलीचे लग्न असे करत शस्त्रक्रिया पुढे जात राहिली. शेवटी एके रात्री ठणका असह्य झाला, तेव्हा ते म्हणाले, “दाजी, या पायाने मला पेढीवर बसू दिले नाही आणि मी त्याला दवाखान्यात बसू दिले नाही. आता एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

पट्टी काढली, हाड काढले, वर्तुळांची चौकट बसली. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर किल्ली फिरवायला शिकवले. मेहुण्यांनी त्यासाठी एक वही घातली आणि रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक फेऱ्याची नोंद ठेवली. एकही नोंद चुकली नाही. वहिनींनी पायजम्याची एक बाजू उसवून तिला बंद लावून दिले. तारा जिथे कातडीतून जातात त्या जागा रोज स्वच्छ केल्या. दोनदा तिथे लाली आली, तेव्हा लगेच दाखवले आणि ती आटोक्यात आली. तिसऱ्या महिन्यापासून ते दुकानात गादीवर बसू लागले, पाय पुढच्या स्टुलावर. डॉक्टरांच्या सांगण्यावरून वॉकर घेऊन पायावर भार टाकत चालणेही सुरू झाले, कारण चालण्यानेच नवे हाड बळकट होते. नवव्या महिन्यात चौकट निघाली. घोटा अजून थोडा आखडतो, लांब चालताना ते काठी घेतात. परंतु छिद्र बंद आहे.

शरीराची पत

कर्ज देताना आम्ही जशी खातेदाराची पत पाहत असू, तशी या शस्त्रक्रियेत शरीराची पत पाहिली जाते. १९८५ साली सिअर्नी आणि मेडर या अमेरिकी तज्ज्ञांनी या रोगाचे जे वर्गीकरण मांडले, त्यात हाडाइतकेच महत्त्व रुग्णाच्या प्रकृतीला दिले. ‘अ’ वर्ग निरोगी, ‘ब’ वर्ग मधुमेह, अशक्तपणा, धूम्रपान किंवा स्थानिक रक्तपुरवठ्याची अडचण असणाऱ्यांचा, आणि ‘क’ वर्ग अशांचा, ज्यांना रोगापेक्षा उपचारच जड जाईल. ‘क’ वर्गातील वृद्धांसाठी औषधांनी लक्षणे आटोक्यात ठेवणे हाही सुज्ञ निर्णय ठरतो. पाय फारच खराब झाला असेल, तर योग्य जागी कापून कृत्रिम पाय लावणे हा पराभव मानू नये. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळण्यापेक्षा ते अनेकांना पुन्हा चालते करते.

‘ब’ वर्गातून ‘अ’ वर्गाकडे जाणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. साखर नियंत्रणात आणणे आवश्यक. सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि तपकीर, सर्व बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड जुळणे मंदावते. शाकाहारी आहारात प्रथिने कमी पडू नयेत म्हणून डाळी, कडधान्ये, दूध, दही, पनीर यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावे, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

आपल्या घरांतील आणखी दोन प्रश्न येथे येतात. पोकळी भरण्याची काही उत्पादने प्राण्यांच्या हाडांपासून वा कोलॅजेनपासून बनतात, तर कॅल्शियम सल्फेटसारखी काही खनिज स्वरूपाची असतात. रुग्णाचे स्वतःचे हाडही वापरता येते. ज्यांना याविषयी आग्रह आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. बहुतेक वेळा पर्याय निघतो. तसेच चातुर्मासातील उपवास किंवा रात्री काही न घेण्याचा नियम असेल, तर तोही आधी सांगावा, म्हणजे औषधांच्या वेळा शक्य तेवढ्या जुळवता येतील. न सांगता मात्रा चुकवणे मात्र टाळावे. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकाने जंतू अधिक निर्ढावतात.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. मृत हाड किती आहे आणि ते पूर्ण काढले जाईल का?
२. आतील हाडाचे किती नमुने पाठवणार? क्षय आणि कर्करोगाची तपासणी होणार का?
३. आधीची पट्टी वा सळई काढणार का? त्यानंतर हाड कशाने धरून ठेवणार?
४. पोकळी कशाने भरणार? वरचे आच्छादन कोण करणार?
५. एकूण किती टप्पे, किती महिने? प्रत्येक टप्प्याचा अंदाजे खर्च किती?
६. माझी प्रकृती कोणत्या वर्गात मोडते, आणि शस्त्रक्रियेआधी मी काय सुधारावे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. हा एका बिलाचा आजार नाही. आरोग्य विम्याची रक्कम पहिल्याच टप्प्यात संपली, तर दुसरा टप्पा रखडतो, आणि अर्धवट उपचार हा या रोगात सर्वांत महाग पडतो. पॉलिसीत जुन्या आजाराची प्रतीक्षा-मुदत किती आहे आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतर किती दिवसांचा खर्च मिळतो, हे आधीच वाचून ठेवावे. घरचा एक माणूस कागदपत्रे आणि तपासण्यांची फाइल सांभाळण्यासाठी नेमावा. जुनी क्ष-किरण चित्रे टाकून देऊ नयेत. पाच वर्षांपूर्वीचे चित्र आजच्या चित्राशेजारी ठेवले की डॉक्टरांना पुष्कळ काही कळते.

यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही किमान दोन वर्षे तपासणीस जात राहावे. हा आजार उशिरा उलटण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि लवकर पकडला तर लहान शस्त्रक्रियेत भागते. ज्यांच्या घरी आज असे एखादे वाहणारे छिद्र आहे, त्यांनी पुढचा हंगाम, पुढची दिवाळी यांची वाट न पाहता एकदा क्ष-किरण चित्र काढून अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जखम लहान दिसते म्हणून आजार लहान असतो, असे नाही.